लाव्हाच्या पायऱ्यांवरून एक दिवस : मळवली, लोहगड, विसापूर आणि भाज्याची लेणी

मागच्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीतले एक काका इटलीला जाऊन आले. व्हेसुव्हियसच्या तोंडापर्यंत चढले, खाली पॉम्पेईच्या दगडी रस्त्यांवरून हिंडले आणि आल्यावर सगळ्यांना घरी बोलावून टीव्हीवर फोटो दाखवले. फोटो छानच होते. शेवटी उसासा टाकून म्हणाले, "आपल्याकडे असलं काही नाही हो." मी चहाचा कप खाली ठेवला. काकांच्या खिडकीतून पुण्याची वेताळ टेकडी दिसते. ती अख्खी टेकडी लाव्हाची. आमच्या इमारतीच्या पायासाठी फोडलेला कातळ लाव्हाचा, रस्त्यावरची खडी लाव्हाची आणि काकूंनी माळ्यावर टाकलेला पाटा-वरवंटाही लाव्हाचाच.

पुढच्या रविवारी मी काकांना लोणावळ्याजवळच्या मळवलीला नेलं. एका दिवसात लाव्हाचा डोंगर चढायचा आणि उतरल्यावर त्याच डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी बघायची, असा बेत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसनं पॉम्पेई गाडलं, तेव्हा भाज्याची लेणी चांगली दोनेकशे वर्षांची होती, एवढं ऐकल्यावर काका तयार झाले. खाली जे लिहिलंय ते त्या दिवसाचं वेळापत्रक, आणि त्याआधीच्या पंधरावीस फेऱ्यांत खाल्लेल्या ठेचा नि खाल्लेला ठेचा, दोन्हींतून शिकलेलं.

निघण्याआधी : डोंगराचं तोंड शोधू नका

ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर, वर खड्डा आणि त्यातून धूर असं चित्र डोक्यात असतं. इथे तसा शंकू शोधत बसाल तर दिवस फुकट जाईल. आपला लाव्हा एका तोंडातून उसळून आला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच सुमारास, इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि पातळ लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा पसरत गेला. थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. आज उरलेला त्याचा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि घाटमाथ्याच्या बाजूला थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. (लोणारचं सरोवर याच खडकात आहे, पण तो खड्डा उल्केनं पाडलेला. काकांनी वाटेत विचारलंच होतं, म्हणून सांगून ठेवतो.)

आता कामाची गोष्ट. लाव्हाचा प्रत्येक थर थिजताना त्यातला वायू वर येऊ पाहतो. त्यामुळे थराचा वरचा भाग इडलीसारखा भोकाभोकांचा होतो आणि मधला भाग घट्ट, काळा, एकसंध राहतो. पुढे ऊन-पावसानं वरचा सच्छिद्र भाग लवकर झिजतो आणि तिथे उतार किंवा सपाटी तयार होते, माती धरते, झाडी वाढते. मधला घट्ट भाग झिजायला तयार नसतो, तो उभा कडा म्हणून उरतो. त्याच्यावर पुढचा थर, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. सह्याद्री दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळे. भूगोलाच्या पुस्तकातल्या 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेत पायरी या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून तो आलाय.

दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी लाल पट्टा दिसतो, कुठे वीतभर, कुठे हातभर. एक थर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात आधीच्या थराच्या माथ्याची माती व्हायला लागली होती. मग तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन बसला. लाल पट्टा दिसला की समजायचं, इथे मोठी विश्रांती झाली होती.

कडा म्हणजे थराचं पोट आणि सपाटी म्हणजे थराचा माथा, एवढं डोक्यात ठेवून चढलं तरी पुरे. हा डोंगर असा वाचणारी माणसं आपल्या आधी इथे येऊन गेलीत. भाज्याच्या पाथरवटांनी लेणी कुठे कोरायची ते यावरून ठरवलं आणि गड बांधणाऱ्यांनी तट कुठे घालायचा नि कुठे घालायची गरज नाही, तेही. दिवसभर त्यांच्याच नजरेनं बघायचंय.

कधी जावं

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी. त्यातही डिसेंबर-जानेवारी सर्वांत बरा, कारण गवत वाळून खाली बसलेलं असतं आणि कातळ उघडा पडतो.

पावसाळ्यातलं लोहगड-भाजे सुंदर असतं यात वाद नाही. पण रविवारी भाज्याच्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग, लोहगडाच्या दरवाजात धक्काबुक्की आणि शेवाळानं निसरड्या झालेल्या पायऱ्या हेही तितकंच खरं. शिवाय कातळावर शेवाळ नि गवत चढलेलं असल्यानं थर दिसत नाहीत, म्हणजे आपल्या कामाचा तो ऋतूच नाही. तरी जायचंच असेल तर मधल्या वारी जा, आणि प्रशासनाचा बंदी आदेश लागू आहे का ते आधी बघा. अतिवृष्टीच्या दिवसांत असे आदेश निघतात, आणि निघाले की पायथ्यावरूनच परत फिरावं लागतं.

एप्रिल-मे नको. एकदा एप्रिलमध्ये मेव्हण्याला घेऊन साडेदहाला चढायला लागलो होतो, दोघांत मिळून दीड लिटर पाणी. काळा कातळ तव्यासारखा तापतो आणि वरून नाही तर खालून भाजतो, हे त्या दिवशी कळलं. विसापूरच्या माथ्यावर मेव्हण्याला गरगरायला लागलं. टाक्याजवळ सावलीत तासभर बसवून ठेवला, अंगावर ओला पंचा टाकला. त्याला आता फक्त पार्किंगपासून शंभर पावलांवर असलेलीच ठिकाणं आवडतात.

पाठपिशवीत काय

माणशी तीन लिटर पाणी, हिवाळ्यातही. गडावरच्या टाक्यांतलं पाणी दिसायला नितळ असलं तरी पिण्याच्या भरवशाचं नाही. मीठ-साखरेची पुडी, टोपी, खोल खाचांचे तळवे असलेले बूट. सुट्टे पैसे ठेवा, कारण गडाखालच्या लोहगडवाडीत मोबाइलची रेंज येते-जाते आणि ऑनलाइन पैसे अडकतात. लोहगडाला आणि भाज्याच्या लेण्यांना पुरातत्त्व खात्याचं वेगवेगळं तिकीट आहे.

दोन गोष्टी लोक नेत नाहीत, पण न्याव्यात. एक बॅटरी, कारण लेण्यांतलं बरंचसं कोरीवकाम अंधाऱ्या कोपऱ्यात आहे आणि मोबाइलच्या समोरून पडणाऱ्या उजेडात ते सपाट दिसतं. दुसरं एक साधं भिंग, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसलं. हातोडी मात्र घरी ठेवा. किल्ला आणि लेणी दोन्ही संरक्षित आहेत, तिथला खडक फोडणं हा गुन्हा आहे.

अत्तर, सेंट फवारून येऊ नका आणि शेकोटी-सिगारेट तर अजिबात नको. कड्यांना आग्या मोहोळं असतात. आणि खाऊची पिशवी हातात धरून लोहगड चढू नका, ती वरपर्यंत पोचत नाही. माकडांना प्लॅस्टिकचा आवाज फार लांबून ऐकू येतो.

पुण्याहून मळवली

पुणे स्टेशनहून किंवा शिवाजीनगरहून सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराची लोणावळा लोकल धरा. मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचं शेवटचं स्टेशन, सव्वा तासाच्या आसपास लागतो. लांब पल्ल्याच्या गाडीत चढलात तर थेट लोणावळ्याला उतराल. परतीची वेळही आदल्या रात्रीच बघून ठेवा, कारण या मार्गावर दुपारी लोकल फार विरळ असतात. जाताना डावीकडची खिडकी पकडा. कामशेत गेलं की डाव्या हाताला दोन डोंगर जवळ यायला लागतात. लांबलचक सपाट माथ्याचा तो विसापूर, त्याच्या पलीकडचा, एका बाजूला शेपूट लांबवलेला तो लोहगड.

स्टेशनबाहेर चहा-वडापाव मिळतो. तो खाऊन घ्या, पुढे वाडीपर्यंत भरवशाचं काही नाही. एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात भाजे गाव. इथे बहुतेक लोक एक चूक करतात. लेणी समोर दिसतात, म्हणून आधी लेण्यांत शिरतात, तासभर घालवतात आणि मग ऐन उन्हात गड चढायला लागतात. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी ती सावलीत असतात, उजेड आत शिरतो तो दुपारनंतर. तेव्हा सकाळी लेण्यांना लांबूनच नमस्कार करून पुढे व्हा.

भाज्यातून गायमुख खिंडीमार्गे लोहगडवाडीपर्यंत डांबरी रस्ता आहे, पाचेक किलोमीटर, चढाचा. चालत दीड तास लागतो. गुडघे कुरकुरणारे असतील किंवा दोन्ही गड करायचे असतील तर मळवलीहूनच रिक्षा करा, भाडं आधी ठरवून. मी एरवी चालतो, काकांबरोबर रिक्षा केली. कमीपणा वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

चालत गेलात तर खिंडीच्या आधी रस्त्यासाठी डोंगर जिथे कापलाय तिथे थांबा. घाटरस्त्याची अशी छाटलेली बाजू म्हणजे डोंगराचा उघडा पडलेला काप. कुठे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल धोंडे दिसतील. मूळ खडक तडकून चौकोनी तुकडे होतात, मग कोपरे आधी झिजतात आणि आत गोल गाभा उरतो. आजूबाजूला पडलेला एखादा ठिसूळ, भोकाभोकांचा दगड उचला. भोकांत पांढरं काहीतरी भरलेलं दिसेल. त्याच्यावर घोटभर पाणी ओता आणि भिंगातून बघा. आमच्या दगडात वाटाण्याएवढी एक पोकळी होती, तिच्या भिंतीला बाहेरून आत असे सुयांसारखे पांढरे स्फटिक लागलेले, अगदी मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी जागा रिकामी राहिलेली. लाव्हातला बुडबुडा आधी, मग त्यात पुष्कळ काळ झिरपलेलं ऊन पाणी आणि त्या पाण्यानं मागे ठेवलेली ही खनिजं. यांना झिओलाइट म्हणतात, आपल्याकडे सरसकट गारगोट्या म्हणतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतली अशी खनिजं, विशेषतः निळंशार कॅव्हनसाइट, जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. काकांनी दगड खिशात घालायला घेतला होता, मग स्वतःच परत ठेवला.

लोहगड

लोहगडवाडीत पोचलात की गडावर जाण्याआधीच एखाद्या घरी जेवण सांगून ठेवा. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, ताक. उतरल्यावर सांगितलंत तर चूल पेटण्यापासून सुरुवात होते आणि तास जातो.

गडाची उंची १०३३ मीटर. वाडीतून माथा अर्ध्या-पाऊण तासाचा, सगळा पायऱ्यांचा. सात-आठ वर्षांची मुलंही आरामात चढतात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडावे लागतात आणि वाट सापासारखी वळत जाते. हनुमान दरवाजाच्या वर आलात की मागे वळून खाली बघा. अख्खी नागमोडी वाट, बुरूज आणि तट एका नजरेत येतात, आणि खालून येणाऱ्या शत्रूला प्रत्येक वळणावर कसं माऱ्यात घेता येत होतं ते न सांगता कळतं.

इथेच थोडं टेकून डोंगर वाचायला घ्या. समोरच्या विसापूरकडे बघा. कडा, गवताची पट्टी, कडा, झाडीची पट्टी. प्रत्येक पट्टी म्हणजे लाव्हाची एक खेप संपल्याची खूण. आता लोहगडाचा तट बघा. जिथे खालचा कडा ताशीव, सरळसोट आहे तिथे तट नावालाच आहे किंवा मुळीच नाही, जिथे थराचा मऊ माथा उतरता झालाय तिथे तो भक्कम उभा आहे. अर्धा किल्ला लाव्हानं आधीच बांधून ठेवला होता, माणसांनी फक्त फटी बुजवल्या.

माथ्यावर कातळात खोदलेली लक्ष्मी कोठी आहे, एकापुढे एक खोल्या असलेली. खजिना इथे ठेवत असत असं सांगतात. बॅटरी इथे लागते. टाकी बरीच आहेत, आणि पेशवाईतला सोळाकोनी तलाव आहे. त्याचं बांधकाम नाना फडणविसांचं. गडावरचं टाकं हे हौद आणि खाण दोन्ही असतं. पाणी साठवायला खड्डा खोदायचा, आणि निघालेला दगड घडवून तटाला लावायचा. ओझी खालून वर आणायला नकोत. टाक्याच्या काठावर हात फिरवलात तर छिन्नीच्या तिरक्या रेघा अजून बोटांना लागतात.

इतिहास थोडक्यात : १६४८ मध्ये गड शिवाजी महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत घेतला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले एकत्र गेले, त्यांत लोहगड आहे.

विंचूकाटा चुकवू नका. गडाच्या टोकाकडे थोडा कातळटप्पा उतरावा लागतो, तिथे लहान मुलांचा हात धरा, मग पुढे दीडेक किलोमीटर लांब आणि जेमतेम तीस मीटर रुंद अशी चिंचोळी सोंड. वरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते. दोन्ही बाजूंनी डोंगर झिजत आला आणि मधली धार तेवढी उरली. खाली पवना धरणाचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना. दुरून तेही थरांच्या पायऱ्यांचेच दिसतात. एका रेषेत नजर फिरवलीत तर इथली एखादी पट्टी पलीकडच्या डोंगरावरही तशीच पुढे चाललेली भासते. मधलं सगळं पवनेनं आणि तिच्या ओढ्यांनी वाहून नेलं. काका इथे पहिल्यांदा गप्प बसले. वारा जोराचा असेल तर टोकापर्यंत जायचा हट्ट करू नका, आणि कड्यावर सेल्फी काढणाऱ्यांना काही बोलायला जाऊ नका, आणखी पुढे सरकतात.

विसापूर करावा का?

मळवलीहून वाडीपर्यंत रिक्षानं आला असाल, लोहगड साडेअकराच्या आत उतरला असाल आणि पाय शाबूत असतील तर करा. नाहीतर जेवून सरळ भाज्याला उतरा, विसापूरसाठी पुन्हा या. दोन्ही गड करून लेण्यांना पळत पाय लावून आलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. सहा वाजता पहारेकऱ्याशी हुज्जत घालत असतात.

गायमुख खिंडीत परत आलात की लोहगडाच्या विरुद्ध बाजूची पायवाट विसापूरची. वाट झाडीतून जाते, फाटे फुटतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी वाडीतला एखादा वाटाड्या घ्यावा. शेवटचा टप्पा घळीतला, धोंड्यांचा. तास-सव्वा तास धरा आणि आलात त्याच वाटेनं उतरा. भाज्याच्या अंगाला थेट उतरणारी वाट आहे खरी, पण ती उताराची आणि चकवणारी आहे, माहीतगार सोबत नसेल तर तिच्या नादी लागू नका.

वर माणसं कमी, पठार प्रचंड. लांबच लांब तटबंदी, टाकी, कातळात कोरलेला मारुती आणि चुन्याचा घाणा. घाण्याचं दगडी चाक अजून आहे. बैल जुंपून ते गोल फिरवायचं आणि चरात चुना मळायचा.

विसापूर १०८४ मीटर, म्हणजे लोहगडापेक्षा ५१ मीटर उंच. आकडा किरकोळ वाटतो. पठाराच्या लोहगडाकडच्या काठावर उभे राहा, मग वाटणार नाही. समोरचा अख्खा लोहगड खाली, हातात आल्यासारखा. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी ४ तारखेला विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड न लढता मोकळा झाला. या उंचीवर तोफा चढल्या तर खाली काय होणार, हे लोहगडावरच्यांना सांगावं लागलं नसणार. विसापूरच्या माथ्यावर लाव्हाच्या एक-दोन खेपा जास्त टिकल्या, तेवढ्यानं किल्ल्यांची जोडी फुटली.

भाज्याची लेणी

चारच्या आत तिकीटखिडकीशी पोचा, निवांत दीड तास हाताशी हवा. गावातून वर पायऱ्या आहेत, पंधरा-वीस मिनिटं. चढताना पायऱ्यांच्या कडेचा खडक बघत या. खालचा ठिसूळ, माती होत आलेला भाग सोडून पाथरवट वर गेलेत आणि जिथे घट्ट, जाड थर लागला तिथे आडवे सरकत कोरत गेलेत. २२ लेणी साधारण एका ओळीत आहेत ती काही शोभेसाठी नव्हेत. चांगला थर आडवा होता म्हणून लेणी आडवी.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरकामाला सुरुवात झाली. कोकणातल्या बंदरांतून बोरघाट चढून वर येणारा व्यापारी मार्ग इथून जवळ, त्यामुळे भिक्खूंना भिक्षा आणि लेण्यांना दान, दोन्हींची सोय. पाण्याच्या एका टाक्यावरच्या ब्राह्मी लेखात दान देणाऱ्याचं नाव 'महारठी कोसिकीपुत विण्हुदत' असं आहे. महारठी हा शब्द आपल्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो.

आधी चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, १२ क्रमांकाच्या लेण्यात जा. समोरची कमान सताड उघडी आहे, कारण पुढचा पडदा लाकडी होता आणि तो काळाच्या ओघात गेला. जमिनीवर आणि बाजूच्या कातळात त्याच्या खाचा उरल्यात, त्या शोधा. आत २७ अष्टकोनी खांब आहेत. मधोमध उभे राहून एका ओळीकडे नीट बघा. खांब आतल्या बाजूला झुकलेले आहेत. लाकडी घरात छताचा भार पेलायला खांब असे कलते लावत. इथे भार पेलायचा प्रश्नच नाही, सगळं एकाच कातळातून कोरलेलं, तरी हात सुताराच्याच सवयीनं चालले. आता मान वर करा. छताला होडीच्या फासळ्यांसारख्या लाकडी कमानी आहेत, आणि त्यांतल्या काही मूळच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या कशालाच आधार देत नाहीत. चैत्य म्हणजे लाकडी इमारत ही डोळ्याची सवय मोडवेना, म्हणून लावलेल्या. साडेचारच्या सुमाराला ऊन कमानीतून आत येतं, आधी जमिनीवर, मग स्तूपाच्या पायाशी. त्या वेळी फासळ्यांच्या सावल्या छतावर पडतात आणि लाकूड कुठे संपून दगड कुठे सुरू होतो ते चटकन कळत नाही.

तिथून पुढे दक्षिणेकडे चालत राहा. लहान स्तूपांचा एक घोळका लागेल, एकूण १४, त्यांतले पाच कातळाच्या आत आणि नऊ बाहेर. इथल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, स्मारकं आहेत ही. अंपिनिक, धम्मगिरी, संघदीन अशी नावं त्यांवर कोरलेली आहेत. लोक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही खाली वाकून स्तूपांचा खडक बघा. बारीक पांढरे ठिपके दिसतील, म्हणजे इथेही बुडबुडे होते, पण थोडे. पाथरवटानं ते चालवून घेतलं.

सर्वांत शेवटी, धबधब्याच्या ओढ्याकडे, सूर्यलेणं म्हणून ओळखला जाणारा विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याचं लेणं, आहे. बहुतेक मंडळी इथपर्यंत येतच नाहीत. व्हरांड्याच्या दाराच्या एका बाजूला चार घोड्यांच्या रथात बसलेला, दुसऱ्या बाजूला हत्तीवर स्वार झालेला. पहिला सूर्य आणि दुसरा इंद्र असं सर्वसाधारणपणे मानतात, अभ्यासकांत त्यावर वाद आहेत. रथाच्या चाकाखाली चिरडले जाणारे बेढब राक्षस आणि हत्तीनं सोंडेत उपटून धरलेलं झाड बघायला बॅटरी बाजूनं, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. समोरून धरलीत तर काही दिसणार नाही. इथेच एक बाई जोड वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. वाद्य पाहिलं की तबला आठवतोच, आणि इंटरनेटवर 'तबला दोन हजार वर्षं जुना' म्हणून हेच शिल्प फिरत असतं. मी एवढंच म्हणेन, की तालवाद्यांची जोडी आहे आणि वाजवणारीची बोटं अशी पसरलीत की ठेका चालू असावा.

आमच्या वेळी पहारेकरी मामा कठड्यावर बसले होते. काकांनी विचारलं, "उन्हाळ्यात टाकी आटतात का हो?" मामा म्हणाले, "सगळी नाय आटत. वरून पाझर हाय." पाझर कुठून येतो ते बघायला काका लगेच भिंतीपाशी गेले. छताजवळ एक आडवी ओलसर रेघ होती, शेवाळ्याची. दोन थरांचा सांधा तिथे, आणि वरच्या डोंगरात मुरलेलं पाणी त्याच सांध्यातून बाहेर येतं. टाकी बरोबर त्या रेघेखाली खोदलेली. सकाळपासून मी ज्याबद्दल बडबडत होतो ते काकांनी स्वतः शोधलं, त्यामुळे नंतर मळवलीपर्यंत तेच मला समजावून सांगत होते.

परत

भाज्याहून स्टेशन अर्धा तास. अंधार पडायच्या आत पूल ओलांडलेला बरा, रस्त्यावर दिवे कमी आणि गाड्या वेगात. दुसऱ्या दिवशी रजा असेल आणि मुक्काम करायची तयारी असेल, तर महामार्गापलीकडे कार्ल्याचं लेणं आहे. तिथला चैत्य भाज्यापेक्षा कितीतरी मोठा, साधारण ४५ मीटर लांब. पण तो याच दिवशी उरकायचा प्रयत्न करू नका, एकवीरेच्या पायऱ्यांवर पोटऱ्या संप करतात.

लोकलमध्ये पुण्याकडे जाताना उजवीकडची खिडकी धरा. मावळतीचं ऊन विसापूरच्या कड्यांवर तिरपं पडलेलं असतं, आणि सकाळी जो डोंगर नुसता काळा दिसला होता त्याच्यावरच्या आडव्या रेघा कामशेत येईपर्यंत मोजता येतात. काकांना सात मोजता आल्या, मला सहा.